सर्दीचे मानकरी

रक्तदाब वाढलाय असं सांगितलं तर लोक विचारतात, ‘डॉक्टर कोण?’ गुडघा दुखतोय म्हटलं तर विचारतात, ‘एक्स-रे काढला का?’ सर्दी झालीय म्हटलं की मात्र कुणी काही विचारत नाही. सगळे एकदम सांगायलाच लागतात. हृदयविकारावर मत द्यायचं तर घरातलं कुणीतरी निदान एकदा ॲडमिट झालेलं असावं लागतं. मुतखड्यावर बोलायलाही स्वतःचा नाही तर मेव्हण्याचा तरी खडा गाठीशी हवा. सर्दीला असली काही पात्रता लागत नाही. नाक असलं की झालं. सातव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिंकलात तर तळमजल्यावर पोचेपर्यंत तीन उपाय मिळतात, आणि तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध असतात.

अर्थात उपायांच्या आधी चौकशी बसते. आमच्याकडे या चौकशीची अध्यक्ष आई. ‘काल काय खाल्लं होतंस?’ हा तिचा पहिला प्रश्न. संशयितांची यादी तिच्याकडे तयार असते: केळं, दही, पेरू, फ्रिजमधलं पाणी, ओलं डोकं, डोक्यावरचा पंखा, ऑफिसातला एसी, फरशीवर अनवाणी चालणं. सीताफळ हा तर सराईत गुन्हेगार. हंगाम नसला तरी त्याचं नाव निघतंच. यातलं काहीच सिद्ध झालं नाही तर ‘पाणी बदललं असेल’ हा निष्कर्ष राखून ठेवलेला असतो. तो खोडून काढता येत नाही, कारण ठाण्याहून दादरला कामाला जाणारा माणूस रोज दोनदा पाणी बदलत असतो.

विषाणूचं नाव या आरोपपत्रात कधी येत नाही. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे एक सर्दी होऊन गेली म्हणून दुसरी टळत नाही आणि सगळ्यांवर मिळून एक लसही निघत नाही, हे मी आईला एकदा नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असतील ना. पण आत शिरले कसे? केळ्यावाटेच.”

आईच्या या पंथाची इंग्रजांनी रीतसर परीक्षा घेतलेली आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, सॉल्सबरी गावाजवळ त्यांनी खास सर्दीच्या अभ्यासासाठी केंद्र काढलं. युद्धकाळात अमेरिकनांनी उभारलेल्या इस्पितळाच्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या, त्या वापरल्या. माणसांनी तिथे दहा दिवस फुकट राहायचं, फुकट जेवायचं, वर थोडा हातखर्च घ्यायचा आणि त्या बदल्यात नाकात थेंब घालून घ्यायचे. थेंबांत विषाणू असतील किंवा नसतील, ते आधी कुणी सांगायचं नाही. वर्तमानपत्रांत जाहिराती यायच्या आणि लोक ही सुट्टी समजून जायचे. काही जोडपी तर मधुचंद्राला गेली. आपल्याकडे महाबळेश्वरला जाऊन, वेण्णा तलावावर गारठून, स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन, खिशातले पैसे मोजून जी सर्दी आणावी लागते ती त्यांना सरकारी खर्चाने मिळाली.

तिथल्या सुरुवातीच्या एका प्रयोगात काही जणांना गरम पाण्याने अंघोळ घातली आणि अंग न पुसता, ओल्या कपड्यांत, वारा वाहणाऱ्या बोळात अर्धा तास उभं केलं. नंतर पायात ओले मोजेही ठेवायला लावले. आईला हा प्रयोग कळला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “त्यांच्या घरी माणसं नव्हती का कुणी?” निष्कर्ष निघाला तो असा की नुसतं गारठल्याने सर्दी होत नाही. पुढे १९६५ साली माणसाला सर्दी आणणारा कोरोनाव्हायरस याच केंद्रात हाती लागला. १९८९ साली केंद्र बंद झालं. सर्दीवरचं औषध तेवढं सापडायचं राहिलं.

ओल्या केसांनी घरात हिंडण्याचा मला मिळालेला हा परवाना फार दिवस टिकला नाही. कार्डिफ विद्यापीठात २००५ साली दुसरा प्रयोग झाला. १८० माणसं घेतली. निम्म्यांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात. उरलेल्या निम्म्यांनी बूट-मोजे घालून रिकाम्या घमेल्यात पाय ठेवून बसायचं. (विज्ञानासाठी रिकाम्या घमेल्यात पाय घालून वीस मिनिटं गंभीर चेहऱ्याने बसलेल्या त्या नव्वद लोकांबद्दल मला विशेष आदर आहे.) पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाणीवाल्यांपैकी २९ टक्के लोकांनी सर्दीची लक्षणं सांगितली, घमेलेवाल्यांपैकी ९ टक्क्यांनी. गारठ्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आधीच दबा धरून बसलेल्या विषाणूला मोकळं रान मिळतं, असा त्या शास्त्रज्ञांचा कयास. बायकोने हे मोबाईलवरून जेवायच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही. उठली, माझ्या चपला आणल्या आणि पायांपाशी टाकल्या.

कारणांचं असं आहे. उपायांची गंमत मात्र समजून घ्यायची तर आधी सर्दीचं वेळापत्रक माहीत हवं. पहिल्या दिवशी घसा खवखवतो, शिंका येतात. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात वाईट; नाक वाहतं आणि त्याच वेळी चोंदतं, हे दोन्ही एकत्र कसं होतं ते कुणालाच समजत नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून उतार पडायला लागतो. सात ते दहा दिवसांत सर्दी आटोपते, खोकला मात्र सामान आवरत मागे रेंगाळतो. हे वेळापत्रक कुठल्याही काढ्याने, वाफेने वा गोळीने फारसं हलत नाही.

आता यात अन्याय कुठे आहे ते बघा. उपाय येतात नात्याच्या क्रमाने. पहिल्या दिवशी आई, दुसऱ्या दिवशी बायको, तिसऱ्या दिवशी ऑफिस, चौथ्या दिवशी शेजार आणि पाचव्या दिवशी लांबचे नातेवाईक. म्हणजे जो जितका जवळचा, त्याचा उपाय तितका वाईट मुहूर्तावर पडतो. आमच्या आईच्या काढ्याने आजवर घरातल्या कुणाचीही सर्दी बरी झालेली नाही. बिचारीचा दोष एवढाच की तो ती लगेच देते.

काढा म्हणजे गवती चहा, तुळस, आलं, मिरी, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध आणि गूळ. प्रमाण विचारलं तर ‘अंदाजे’. हा अंदाज चिपळूणच्या आजीकडून आलेला असल्यामुळे त्यात फेरफार चालत नाही. २०२० साली आयुष मंत्रालयाने काढ्याचं सरकारी प्रमाण जाहीर केलं: तुळस चार भाग, सुंठ दोन, दालचिनी दोन आणि मिरी एक. आईने टीव्हीसमोर बसून ते ऐकलं आणि ‘एवढ्याशा मिरीने काय होतंय?’ म्हणून मंत्रालयाचा प्रस्ताव फेटाळून लावला. त्या वर्षी आमच्या समोरच्या काकांनी दिवसातून पाच-पाच वेळा काढा पिऊन पित्त वाढवून घेतलं. पित्तावर कोकम सरबत सुरू केलं. कोकम थंड, म्हणून सर्दी होईल या भीतीने पुन्हा काढा. हे चक्र लॉकडाउन उठेपर्यंत चालू होतं.

आईचा औषधशास्त्रावरचा मूळ विश्वास असा की जे जिभेला जितकं नकोसं, ते रोगाला तितकं जालीम. म्हणून दुकानातल्या गोड, लाल खोकल्याच्या औषधावर तिचा भरवसा नाही. वास्तविक तिने नाक मुरडावं असं त्यात फार नाही. कोकणात गडग्याला सर्रास दिसणारा अडुळसा, ज्याच्या पानांचा रस आजी मधातून चाटवायची, त्यातलं व्हॅसिसिन हे द्रव्य शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं, त्यात फेरफार करून ब्रोमहेक्झिन बनवलं आणि कफ पातळ करायला ते बाटलीत भरून जगभर विकलं. मी आईला म्हटलं, “बघ, तुझाच अडुळसा.” तिने बाटली उलटीसुलटी करून पाहिली. “मग साखर कशाला घातली?”

पहिल्या रात्रीचं हळद-दूधही आईकडेच. पण हळदीचा विषय निघाला की समोरचे काका दार उघडून आत येतात, म्हणून ते चौथ्या दिवशी.

दुसरा दिवस बायकोचा. ती कोल्हापूरची. तिच्या मते कोकणातले उपाय सर्दीची समजूत घालतात. कोल्हापुरी उपाय तिला हाकलून देतात. त्यातला पहिला वाफारा. पातेल्यात उकळतं पाणी, त्यात ओवा किंवा निलगिरीचे चार थेंब, आणि वरून सोलापुरी चादर. चादरीच्या आत माणूस एकटा असतो, पण वेळेवर ताबा बाहेरच्याचा असतो. “झालं का?” असं आतून विचारलं की “आत्ता तर बसलाय” असं बाहेरून उत्तर येतं. आत घाम, डोळ्यांतलं पाणी आणि नाकातलं पाणी यांचा संगम होतो, चष्मा असून नसल्यासारखा होतो, आणि नेमका त्याच वेळी बँकेचा फोन येतो, कर्ज हवंय का म्हणून. वाफेने नाक घटकाभर मोकळं होतं, बरं वाटतं, हे खरं. त्याने सर्दी लवकर जाते का, याचे प्रयोग बरेच झाले आणि ठाम उत्तर काही मिळालं नाही. भाजण्याची भीती मात्र पक्की आहे. लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवून चादर टाकू नये, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावून बसवावं, असं डॉक्टर सांगतात ते ऐकावं.

दुसरा कोल्हापुरी उपाय पांढरा रस्सा. मिरी जरा सढळ हाताने, वाटी तोंडाला लावून प्यायचा. आई यावर लगेच कुळथाचं पिठलं मांडते, आणि पावसाळा असेल तर कुर्ल्यांचं सार. “कुर्लीच्या साराने छातीतली सर्दी सुटते” असं ती म्हणते, “त्यात नांगीचा रस हवा पण.” या वादात बायकोने अमेरिकेतून कुमक आणली. नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड या डॉक्टरांनी आपल्या सासरच्या आजीच्या रीतीने कोंबडीचं सूप करून ते प्रयोगशाळेत तपासलं. सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावाधाव त्या सुपाने काही अंशी मंदावते, असं त्यांना आढळलं आणि २००० साली त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. बायकोच्या मते यावरून पांढरा रस्सा सिद्ध होतो. आईच्या मते यावरून फक्त आजी सिद्ध होते. माझ्यापुरतं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मला कशालाच चव लागत नाही. उत्तम रस्सा आणि उत्तम सार एकाच आठवड्यात घरी शिजावं आणि त्याच आठवड्यात नाक बंद असावं, ही सर्दीतली सगळ्यात क्रूर बाब. तिच्यावर उपाय कुणी शोधत नाही.

रात्री बाम. बाम हा प्रकार तसा मुंबईला घरचाच. अमृतांजनची सुरुवातच १८९३ साली इथे झाली. कपाळाला, छातीला, पाठीला बाम चोळून, वर कानटोपी घालून आडवं झालं की नाक उघडल्यासारखं वाटतं. वाटतंच फक्त. मेंथॉल नाकाची सूज उतरवत नाही. हवेचा मार्ग होता तेवढाच अरुंद राहतो. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं आणि मेंदूला गार हवा भरपूर आत येतेय असं कळवतं. मेंदू भोळा असतो, विश्वास ठेवतो. २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या दोघांना मिळालं ते उष्णता आणि स्पर्श शरीराला कसे कळतात याच्या शोधाबद्दल. ज्युलियस यांनी मिरचीतल्या तिखट द्रव्यावरून उष्णतेचा ग्राहक शोधला, आणि मेंथॉलवरून गारव्याचा ग्राहक दोघांनी आपापल्या प्रयोगशाळेत. मिरचीचा डबा आणि बामची डबी, दोन्ही आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत.

मध्यरात्री नाकपुड्यांची पाळी सुरू होते. डावी बंद, उजवी चालू. उजव्या कुशीवर वळलं की उजवी बंद, डावी चालू. उताणं झालं की दोन्ही बंद. यात विषाणूचा सगळाच दोष नाही. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या वाहत नसतात; एकीतली सूज वाढते तेव्हा दुसरीतली उतरते आणि काही तासांनी पाळी बदलते. आपल्याकडच्या स्वरशास्त्राने याला चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणून पूर्वीच नावं दिली होती; कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली त्याची वैद्यकीय नोंद केली. एरवी हे आपल्या लक्षात येत नाही. सर्दीत रात्री अडीच वाजता दोन्ही नाड्यांचा पूर्ण अभ्यास होतो, आणि प्रत्येक कुशीपालटाला “आता काय झालं हो?” असं शेजारून ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी ऑफिस. खरं तर त्या दिवशी ऑफिसला जाऊच नये, लोकांना वाटप होतं. पण आपल्याकडे सर्दीसाठी रजा मागितली की साहेब आपल्याकडे दुःखाने बघतो. ऑफिसातले उपाय आधुनिक असतात. एकाजवळ कपाटात उरलेली अर्धी स्ट्रिप असते, अँटिबायोटिकची. विषाणूवर तिचा काडीचा उपयोग नाही, आणि नाकातून येणारं हिरवं-पिवळं झालं म्हणून होतो असंही नाही, हे त्याला दर हिवाळ्यात सांगावं लागतं. दुसरा जलनेतीवाला. तो झारीच्या तोटीसकट नाकातलं सगळं हातवारे करून दाखवतो, तेही डबे उघडल्यावर. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्यात थोडं तथ्य आहे, पाणी उकळून घेतलेलं हवं इतकंच. माझी तक्रार वेळेबद्दल आहे.

तिसरा व्हिटॅमिन सीवाला. त्याच्यामागे मोठं नाव आहे. लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल मिळाली, १९५४ साली रसायनशास्त्राचं आणि १९६२ सालचं शांततेचं, दोन्ही कुणाशी वाटून न घेता. १९७० साली त्यांनी सर्दीवर व्हिटॅमिन सी भरपूर घ्या असं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि दुकानांतल्या गोळ्या संपल्या. नंतर झालेल्या चाचण्यांतून कळलं की सर्वसाधारण माणसाची सर्दी त्याने टळत नाही. बारा महिने रोज घेत राहिलात तर ती सुमारे ८ टक्क्यांनी लवकर आटोपते. मी हिशेब केला. सात दिवसांचे ८ टक्के म्हणजे साडेतेरा तास. वर्षभर गोळ्या चघळून मिळणार काय, तर रविवारी रात्रीऐवजी रविवारी सकाळी बरं होणं. मॅरेथॉन धावणाऱ्यांना आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणाऱ्या सैनिकांना मात्र खरोखर फायदा दिसला, त्यांच्यातलं सर्दीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हे ऐकल्यावर आमचा सहकारी समाधानाने हसला. तो पहिल्या मजल्यावर जायला लिफ्ट वापरतो.

चौथा मडगावचा. तो काही बोलत नाही. संध्याकाळी बॅगेतून पेपरात गुंडाळलेली छोटी बाटली काढून देतो. काजूची फेणी, एक टोपण, कोमट पाण्यातून, साखर घालून. सरकारने फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन दिलं. त्याच्या मते औषधाचं मानांकन द्यायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवसाच्या सगळ्या उपायांत सर्वांत कमी उपयोगाचा आणि सर्वांत जास्त स्वागतार्ह उपाय हाच.

चौथ्या दिवशी काका. ‘हळद घेतलीस का?’ असं दारातूनच विचारत ते येतात आणि पेटंटची गोष्ट सांगायला बसतात. ती अशी: १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळातल्या सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे पुरावे काढून पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. हळदीघाटीची दुसरी लढाई! काका ही लढाई अशी सांगतात की तलवार त्यांच्याच हातात होती. पेटंट जखमेचं होतं, सर्दीचा त्यात संबंध नव्हता, असं मी एकदा म्हटलं. “सर्दीचं घ्यायला त्यांचा धीर झाला नाही,” काका म्हणाले.

हळद-दुधाला मात्र काकांचा एक नियम आहे आणि तो बरोबर आहे: चिमूटभर मिरी हवी. हळदीतलं कर्क्युमिन एरवी रक्तात फारसं उतरत नाही, मिरीतल्या पिपरीनमुळे जास्त उतरतं. मुलाने त्यांना मॉलमध्ये नेऊन ‘टर्मरिक लाटे’ पाजलं तेव्हापासून ते अस्वस्थ आहेत. कपाला साडेतीनशे रुपये दिले याचं त्यांना वाईट वाटत नाही. वर साय नव्हती, याचं वाटतं.

तान्ह्या मुलांच्या सर्दीत या सगळ्या मंडळींचा उत्साह दुप्पट होतो, म्हणून तेवढं गंभीरपणे सांगतो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकतात, पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघावी. उशाशी वेखंड, लसणाची माळ वगैरे ठीक. माळ मात्र गळ्यात नको, फास बसू शकतो. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नये. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, मग आजी काहीही म्हणो. मधात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात. वर्षाच्या वरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्यावर चमचाभर मध द्यायला हरकत नाही. पेनसिल्व्हेनियात २००७ साली झालेल्या तुलनेत मध खोकल्याच्या नेहमीच्या औषधापेक्षा कमी पडत नाही, असं दिसलं. मधाला इतकं यश मिळालं तरी त्याच्यावर कुणाचा हक्क नाही, कारण तो सगळ्यांच्याच उपायात असतो.

आणि मग पाचवा दिवस. मामी येतात.

मामी कल्याणला राहतात. सोमवारी सर्दी झाल्याचं आईने फोनवर सांगितलं तरी त्या लगेच निघत नाहीत. ‘येते एक-दोन दिवसांत’ म्हणतात. येताना पिशवीत खारवलेले फुटाणे असतात. ते त्या आमच्या तव्यावर पुन्हा खरपूस भाजतात, रुमालात बांधतात आणि ती पुरचुंडी माझ्या हातात देऊन “हुंग” म्हणतात. दहा मिनिटं हुंगायचं. मग तेच फुटाणे चावून खायचे. वर दोन तास पाण्याचा थेंब नाही. तोंड न उघडता चुपचाप पडून राहायचं. शेवटच्या अटीमुळे निदान घरात शांतता होते.

त्या संध्याकाळी माझं नाक उघडतं. दर वेळी. आमटीच्या फोडणीचा वास येतो, बामच्या डबीचा येतो, काकांच्या घरातल्या उदबत्तीचाही येतो. घरात एकच गजर: मामींचे फुटाणे! पुलाचे खांब एकाच्या कारकिर्दीत उभे राहतात, गर्डर दुसऱ्याच्या, डांबर तिसऱ्याच्या, आणि फीत कापायला चौथा येतो, तसं होतं सगळं. आईने केलेला काढा, बायकोने धरलेली चादर, काकांची हळदीघाटी, मडगावची बाटली, सगळं इतिहासजमा. मामी नम्रपणे म्हणतात, “माझं काही नाही हो. फुटाण्यांचा गुण.” आई स्वयंपाकघरात भांडी जरा आवाज करून लावते.

मामींची ख्याती आता कल्याण-ठाणे ओलांडून पार दादरपर्यंत गेलेली आहे. कुणाच्या जावयाची सर्दी आठवडा झाला तरी हटत नाही, कुणाच्या सुनेचं नाक महिनाभर वाहतंय (ती ॲलर्जी, पण असो), असे फोन येतात. मामी आधी एकच प्रश्न विचारतात, “कधीपासून आहे?” उत्तर ‘आजच झाली’ असं आलं तर त्यांच्याकडे नेमकं काहीतरी निघतं; कधी संकष्टी असते, कधी गॅसवाला यायचा असतो. ‘चार दिवस झाले’ म्हटलं की त्या लगेच निघतात. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. आईच्या आलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडून जाताना मामी माझी सर्दी घेऊन गेल्या. शनिवारी आल्या होत्या, सोमवारी मामांचा फोन आला, “हिला सपाटून सर्दी झालीय.” आईने तो फोन ठेवला आणि ती जी उठली ती थेट गॅसपाशी. गवती चहा, तुळस, आलं, मिरी. मिरी त्या दिवशी अंदाजाच्याही वर. थर्मास भरला आणि मला बरोबर घेऊन दुपारच्या लोकलने कल्याण गाठलं.

मामी कानटोपी घालून पलंगावर बसल्या होत्या. शेजारी फुटाणे कुठेच दिसत नव्हते. आईने थर्मासचं झाकण फिरवून त्यात काढा ओतायला सुरुवात केली, “घ्या वहिनी, गरम आहे तोवर.”

मामींनी नाक पुसलं, आईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं.

“ओट्यावर ठेवा, वन्सं,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी घेईन.”